सिस्टरांचा शब्द

७ मार्च २००३ या एकाच दिवशी कॅनडाच्या दोन टोकांना, व्हँकूव्हर आणि टोरांटो या शहरांत, एकाच आजाराचे दोन रुग्ण दोन रुग्णालयांत पोहोचले. दोघांचाही धागा हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलशी जुळत होता. व्हँकूव्हरचा रुग्ण स्वतः तिथे राहून आला होता. टोरांटोच्या रुग्णाला त्या हॉटेलातून परतलेल्या आपल्या आईकडून लागण झाली होती आणि ती आई दोनच दिवसांपूर्वी वारली होती. आजाराला अजून सार्स हे नावही मिळालेले नव्हते. व्हँकूव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये रुग्णाला आल्या आल्या मास्क लावून बाजूला काढले गेले. टोरांटोच्या स्कारबरो ग्रेस हॉस्पिटलमध्ये रुग्ण आपत्कालीन विभागात इतरांच्या शेजारी रात्रभर पडून राहिला. पुढे व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आजार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुग्णांपलीकडे गेला नाही. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत ३७५ जण आजारी पडले आणि त्यांतले ४४ दगावले. आजारी पडलेल्यांत सुमारे ४५ टक्के आरोग्य कर्मचारी होते. दोन नर्स आणि एक डॉक्टर यांचा त्यात जीव गेला.

हे सारे कसे घडले याचा तपास करायला ओंटारियो सरकारने न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांचा आयोग नेमला. जानेवारी २००७ मध्ये आलेला त्याचा अंतिम अहवाल महामारी-व्यवस्थापनावर बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. दुर्दैवाने आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. त्यातला सर्वांत बोचरा भाग साथीच्या दुसऱ्या लाटेविषयी आहे. मे महिन्याच्या मध्यावर साथ संपली असे मानून आणीबाणी उठवण्यात आली, रुग्णालयांतले मास्क-गाऊनचे नियम सैल झाले. त्याच सुमारास नॉर्थ यॉर्क जनरल हॉस्पिटलमधल्या नर्स सांगत होत्या की काही रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना होणारा न्यूमोनिया साधा दिसत नाही, सार्स गेलेला नाही. त्यांना उत्तर मिळाले की हा सार्स नव्हे, काळजीचे कारण नाही. २३ मे रोजी दुसरी लाट जाहीर करावी लागली. तिचे केंद्र हेच रुग्णालय होते, आणि तिथल्याच एका नर्सचा पुढे सार्सने मृत्यू झाला. आयोगाने कुणा एकाला खलनायक ठरवले नाही. धोक्याची सूचना वॉर्डातून वर गेली, पण वर ती ऐकून घेणारी व्यवस्थाच नव्हती, असा त्याच्या निष्कर्षाचा रोख आहे.

महामारीत नर्सला आधार द्यायचा म्हणजे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर मला या प्रकरणात सापडते. नर्सच्या कामाविषयी बोलताना आपण दोनच सूर लावतो. एक कौतुकाचा: त्या देवदूत आहेत, योद्ध्या आहेत. दुसरा कणवेचा: किती थकतात बिचाऱ्या, त्यांना समुपदेशन द्या, योग शिकवा. दोन्ही सुरांत नर्स ही भावनेचा विषय होते, निर्णयाचा भाग होत नाही. माझे म्हणणे असे की साथीच्या काळात नेतृत्वाने द्यायचा पहिला आधार म्हणजे नर्सच्या शब्दाला निर्णयात वजन देणे. किट, सुट्टी, विमा, समुपदेशन हे सारे त्याच्या मागून येते, आणि ते वजन नसेल तर यातले काहीही वेळेवर येत नाही.

याला पुरावा काय? सार्सनंतर वर्ष-दोन वर्षांनी रॉबर्ट माउंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटोतली सार्सचे रुग्ण सांभाळलेली नऊ रुग्णालये आणि शेजारच्या हॅमिल्टनमधली, सार्सचे रुग्ण न आलेली चार रुग्णालये यांतल्या ७६९ कर्मचाऱ्यांची पाहणी केली. टोरांटोत सुमारे ३० टक्के कर्मचारी कामाने पार पिळून निघालेले आढळले, हॅमिल्टनमध्ये १९ टक्के. मानसिक ताणाचे प्रमाण टोरांटोत ४५ टक्के, हॅमिल्टनमध्ये ३० टक्के. साथ ओसरून इतके दिवस लोटले तरी हा फरक टिकून होता, ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची. हा त्रास कुणाला जास्त झाला ते शोधताना तीन गोष्टी पुढे आल्या: आपल्याला पुरेसे प्रशिक्षण मिळाले का, पुरेसे संरक्षण मिळाले का आणि संस्थेने नैतिक पाठबळ दिले का, याविषयी कर्मचाऱ्याचे स्वतःचे मत. स्वभावाचा वाटाही होताच, तो अभ्यासकांनी लपवलेला नाही. पण या तिन्ही गोष्टी नर्सच्या मनोबलातून येत नाहीत, त्या व्यवस्थापनाच्या खोलीत ठरतात.

कोविडच्या अगदी सुरुवातीला चीनमधूनही आकडे आले. ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीत, ज्यात सुमारे ६१ टक्के नर्स होत्या, निम्म्या जणांत नैराश्याची आणि ४५ टक्क्यांच्या आसपास जणांत चिंतेची लक्षणे दिसली. नर्स आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेतले लोक यांच्यात ती अधिक तीव्र होती. हे आकडे जगभर फिरले आणि त्यांतून घाईने एक अर्थ काढला गेला: कर्मचाऱ्यांचे मन सांभाळा. त्याच सुमारास अमेरिकेत टेट शानाफेल्ट आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. त्यांनी डॉक्टर, नर्स अशा ६९ जणांच्या गटांना बसवून विचारले की तुम्हाला नेमकी कशाची चिंता वाटते आणि तुमच्या वरिष्ठांकडून काय हवे. उत्तरे विलक्षण व्यवहारी होती. मास्क मिळेल का? मी आजार घरी नेला तर? मला ताप आला तर माझी तपासणी लगेच होईल का? शाळा बंद असताना मुले कुठे ठेवू? ज्या वॉर्डाचा अनुभव नाही तिथे पाठवले तर? या साऱ्यांतून अभ्यासकांनी नेतृत्वाकडे असलेल्या पाच मागण्या काढल्या: आमचे ऐका, आमचे रक्षण करा, आमची तयारी करून घ्या, आम्हाला साथ द्या आणि आजारी पडलो तर आमची काळजी घ्या. ऐकण्याची मागणी या यादीत पहिली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण उरलेल्या चार पुऱ्या कशा करायच्या हे ऐकल्याशिवाय कळणार नाही.

आता आपल्याकडे पाहू. ६ एप्रिल २०२० रोजी मुंबई सेंट्रल भागातले एक मोठे खासगी रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावे लागले, कारण तिथल्या २६ नर्स आणि ३ डॉक्टर बाधित निघाले होते. तिथल्या बऱ्याच नर्स केरळच्या होत्या. पुरेशी साधने न देता कामावर ठेवले, लक्षणे असलेल्यांना वेळेत वेगळे केले नाही, असा नर्सच्या संघटनेचा आरोप होता. रुग्णालयाने तो फेटाळला. कोण खरे हे ठरवायचे हे स्थळ नव्हे. पण नर्सना आपले म्हणणे संघटनेमार्फत, वर्तमानपत्रांतून आणि आपल्या राज्याच्या सरकारकडून मांडावे लागले, याचा अर्थ रुग्णालयाच्या आत ते मांडायची विश्वासाची जागा नव्हती. एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने नेमलेला टास्क फोर्स तज्ज्ञ डॉक्टरांचा होता. उपचारपद्धती ठरवायला तो हवाच होता. मात्र अतिदक्षता विभागात एका सिस्टरने किती रुग्ण सांभाळायचे, पालथे झोपवलेल्या रुग्णाला वळवायला किती जण लागतात, किट घातलेल्या अवस्थेत माणूस किती तास धड काम करू शकतो, हे प्रश्न औषधांच्या मात्रेइतकेच जीवनमरणाचे होते, आणि त्यांची उत्तरे ज्यांना ठाऊक होती त्या इन-चार्ज सिस्टर आणि मेट्रन निर्णयाच्या टेबलापासून दूर होत्या.

किटच्या तासांचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पीपीई किट एकदा चढवले की पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही, पाळी आली तर पॅड बदलता येत नाही. मुंबईच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात त्या प्लॅस्टिकच्या आवरणात घामाने अंग भिजते, गॉगलवर वाफ धरते, शीर सापडत नाही. किट काढताना, म्हणजे डॉफिंगच्या वेळी, थकलेला माणूस चुकतो आणि बरेचदा लागण तिथेच होते. म्हणून कोविड वॉर्डातली ड्यूटी चार तासांची ठेवायची की आठ तासांची, हा सोयीचा प्रश्न नव्हता, संसर्ग-नियंत्रणाचा होता. वुहानमध्ये अनेक ठिकाणी चार ते सहा तासांच्या पाळ्या लावल्या गेल्या. तिथे बाहेरून हजारो नर्स पाठवल्या होत्या म्हणून ते जमले, हे खरे. पण आधी कुणाला तरी हे पटावे लागले की किटमधला तास साध्या तासासारखा मोजायचा नसतो. आपल्याकडे काही रुग्णालयांनी हे लवकर ओळखले, काहींनी उशिरा, काहींनी मुळीच नाही. १५ मे २०२० च्या केंद्रीय सूचनेने कोविड ड्यूटीनंतरचे सरसकट विलगीकरण थांबवले आणि ते फक्त जास्त जोखमीच्या संपर्कापुरते ठेवले. घरी सासू-सासरे आणि लहान मूल असलेल्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या नर्सला या एका ओळीचा अर्थ काय होता, हे सूचना लिहिणाऱ्यांना कुणी सांगितले होते का? शेवटी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जूनमध्ये न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या विलगीकरणाची सोय करण्याचे निर्देश दिले. जी गोष्ट मेट्रनच्या एका टिपणीतून कळली असती ती न्यायालयातून कळली.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर झाले. २२ एप्रिलच्या वटहुकुमाने १८९७ च्या, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या काळात झालेल्या, साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरवला. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले पडली. फुलांचे सोडा, विमा आणि कायदा या गंभीर गोष्टी आहेत. पण त्यांचा क्रम पाहा: विमा मेल्यानंतर मिळतो, कायदा मार खाल्ल्यानंतर लागू होतो. मरण आणि मार दोन्ही टाळण्याची जागा त्याआधीची आहे, आणि ती रोजच्या ड्यूटीत, पाळी बदलताना ओव्हर देण्या-घेण्यात, वॉर्डच्या रजिस्टरात आहे.

या मांडणीवर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला: संकटात आदेश एकाचाच चालावा लागतो, जहाज बुडत असताना सभा भरवत नाहीत. हे मान्य करूनही मला वाटते की आदेश देणे आणि माहिती घेणे या दोन गोष्टींची इथे गल्लत होते. आदेश एकाचा असावा, पण तो ज्या माहितीवर द्यायचा ती वॉर्डातूनच यायची असते. चोवीस तास रुग्णाजवळ असणारी व्यक्ती नर्स असते. डॉक्टरचा राउंड येऊन जातो. ऑक्सिजन रात्री किती वाजता खाली गेला, कोणता रुग्ण आज जेवला नाही, शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक कालपासून खोकतो आहे, हे तिच्या नजरेत आधी येते. टोरांटोच्या नर्सना विषाणूशास्त्राचे ज्ञान नव्हते. त्यांना फक्त दिसत होते की काहीतरी बरोबर नाही. दुसरा आक्षेप याच ठिकाणी उभा राहतो: नुसत्या संशयावर निर्णय घेतले तर गोंधळ माजेल, शास्त्रीय पुरावा हवा. कॅम्पबेल आयोगाने नेमका याचाच विचार केला आणि सावधगिरीचे तत्त्व पुढे ठेवले: धोका कमी करणारे वाजवी पाऊल उचलायला शास्त्रीय खात्रीची वाट पाहू नये. मास्क चुकून जास्त वापरला तर काही पैसे जातात. चुकून कमी वापरला तर काय होते ते टोरांटोने पाहिले. ओंटारियोत एन-९५ मास्क वापरणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो नीट बसतो की नाही याची चाचणी करण्याचा नियम १९९३ पासून होता. सार्स आला तेव्हा बहुतेक रुग्णालयांना त्याचा पत्ताच नव्हता.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. व्हँकूव्हर निव्वळ सुदैवी ठरले, त्यावरून धडे काढू नका. सुदैवाचा भाग आयोगानेही नाकारला नाही. रुग्ण एकटाच होता, संसर्ग घरात पसरलेला नव्हता. पण ब्रिटिश कोलंबियाच्या साथरोग केंद्राने आशियातल्या विचित्र फ्लूविषयी रुग्णालयांना आधीच सावध केले होते, ती सूचना आपत्कालीन विभागातल्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचली होती आणि तिथे आधी मास्क, मग निदान अशी कामाची रीत होती. रुग्ण कोणत्या दारातून येईल हे नशीब ठरवते. तो आल्यावर दारातली नर्स काय करील, हे आधीच्या वर्षांत तिला काय शिकवले आणि तिच्यावर किती विश्वास टाकला यावर ठरते.

आणि चौथा, जो खुद्द नर्सच घेतात: आमचे ऐकू नका, आधी आमची संख्या वाढवा. यात तथ्य आहेच. लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासात आणि २०१४ च्या नऊ युरोपीय देशांतल्या अभ्यासात एकच गोष्ट दिसली: नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष शिकवणाऱ्या रुग्णालयांत साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असे आहेत. आपल्या सरकारी रुग्णालयांचा जनरल वॉर्ड पाहिलेल्या कुणालाही हे निकष आणि वास्तव यांतले अंतर सांगावे लागणार नाही. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या, त्यात या अंतराची कबुलीच होती. पण संख्या कमी आहे हे काय कोविडने शिकवले? परिचारिकांच्या संघटना ते वर्षानुवर्षे लेखी सांगत होत्या. त्यांचा शब्द आधी ऐकला असता तर संख्याही आधी वाढली असती. साथीत भरती झाली ती बहुतांश तात्पुरती, काही महिन्यांच्या कंत्राटाची. कंत्राटी सिस्टरकडून धोक्याची सूचना मिळण्याची अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. उद्या ज्याचे काम जाऊ शकते तो माणूस आज वरिष्ठाला नकोसे सत्य सांगत नाही. मे २०२२ मध्ये, कोविडची तिसरी लाट ओसरून काही महिनेच झाले असताना, राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, आणि त्यांचा एक मुख्य विरोध बाह्यस्रोतातून होणाऱ्या कंत्राटी भरतीला होता. तो पगारापुरता मुद्दा समजला गेला. माझ्या मते तो रुग्णसुरक्षेचाही मुद्दा होता.

भीतीचा आणि सत्याचा हा संबंध ॲमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अभ्यासातून अनपेक्षितपणे पुढे आला. रुग्णालयांतले आठ विभाग निवडून त्यांनी औषध देण्यातल्या चुका मोजल्या. चांगल्या नेतृत्वाच्या विभागात चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. निघाले उलटे: जिथे नर्सप्रमुख चांगली, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडले की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या लपवल्या जात नव्हत्या. जिथे प्रमुखाचा धाक होता तिथे रजिस्टर स्वच्छ होते. आपल्या रुग्णालयांतली स्वच्छ रजिस्टरे पाहताना हा अभ्यास आठवावा. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळे गेली. पुढे दोन नर्सवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. तिथेही अटक झालेल्यांत नर्स होत्या. त्या त्या प्रकरणातला दोष न्यायालय ठरवील. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा आणि मनुष्यबळ यांवर जिचा अधिकार नाही तिच्यावर जबाबदारीची पहिली कुऱ्हाड पडते, हे राज्यातल्या प्रत्येक सिस्टरने पाहिले. त्यातून तिने कोणता धडा घेतला असेल? धोका दिसला तर बोलावे हा, की आपले नाव कुठे येऊ देऊ नये हा?

निर्णयात वजन देणे म्हणजे नर्सला एखाद्या समितीत नावापुरती खुर्ची देणे नव्हे. तसे केले तर ती खुर्ची फोटोत दिसते आणि इतिवृत्तात दिसत नाही. त्याची खरी रूपे साधी आणि मोजता येणारी आहेत. संसर्ग-नियंत्रण समितीत वॉर्डातल्या सिस्टरला मत असावे. एखादी खाट किंवा वॉर्ड सुरक्षित मनुष्यबळाअभावी चालवता येत नाही हे लेखी नोंदवण्याचा अधिकार इन-चार्ज सिस्टरला असावा, आणि त्या नोंदीला ठरावीक वेळेत लेखी उत्तर देणे प्रशासनावर बंधनकारक असावे. धोका कळवणाऱ्यावर त्या कारणाने कारवाई होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार माहिती देणाऱ्या ११५ देशांपैकी ७१ टक्के देशांत राष्ट्रीय पातळीवर परिचर्या-प्रमुखाचे पद होते. पद असल्याने आपोआप काही होत नाही, पण पदाला अर्थसंकल्प आणि भरती यांत बोलण्याचा अधिकार असला तर पुष्कळ होते. याला खर्च फारसा नाही. अडचण प्रतिष्ठेच्या उतरंडीची आहे, आणि ती अडचण डॉक्टरांनी, अधिष्ठात्यांनी आणि आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी आपापसांत बोलून सोडवायची आहे. नर्सने अधिक सोशिक होऊन ती सुटणार नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी एखाद्या ट्रस्ट रुग्णालयाचे विश्वस्त असतील, कुणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर असतील. त्यांना एक विनंती. पुढच्या बैठकीला इन-चार्ज सिस्टरांना बोलवा, गेल्या वर्षभरात त्यांनी कोणत्या धोक्यांची लेखी सूचना दिली ते विचारा आणि प्रत्येक सूचनेचे पुढे काय झाले ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. एकही लेखी सूचना सापडली नाही, तर त्याचे कारण आधी शोधा.